बाटलीभर दर्या

मुलगा आणि सून वर्षभराच्या नातवाला घेऊन जहाजावर सहलीला निघाले. गिरजाबाईलाही सोबत चल म्हणाले, तेव्हा सिद्धेश्वर गावातली अख्खी गल्ली तिच्या ओसरीवर जमली.

"आपला जलम धरणाच्या पाण्यावर गेला, माय. मला बाटलीभर दर्या आण," शेजारची गयाबाई म्हणाली.

जहाजावर पहिल्याच दिवशी मुलगा म्हणाला, "आई, लेकराला वरचं वारं सोसत न्हाई. तू त्याला घेऊन खोलीतच बस. आमी आलोच."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

खोलीला खिडकी नव्हती. नातवाला मांडीवर घेऊन गिरजाबाई भिंतीपलीकडचा आवाज ऐकत राहिली.

गिरजाबाई गावी परतल्यावर गयाबाईनं बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं. "व्हय गं माय, खारटच हाय की! कसा दिसतो गं दर्या?"

"लई मोठा," गिरजाबाई म्हणाली.

 

हिंगोलीहून गावाकडं येताना वाटेतल्या कालव्यावर बाटली भरून तिनं त्यात मीठ जरा जास्तच घातलं होतं.