वाढलेलं लिव्हर

"चार नंबरच्या पेशंटचं लिव्हर वाढलंय, तीन बोटं. डोळे झाकून सांग," प्रॅक्टिकल उरकून बाहेर आलेला निनाद मृण्मयीच्या कानाशी कुजबुजला. परीक्षेतली उत्तरं दरवर्षी अशीच व्हरांड्यातून आत जात.

मृण्मयीने तळवे चोळून ऊब आणली. चार नंबरच्या खाटेवर प्लास्टरमधला हात छातीवर घेऊन पडलेल्या काकांना गुडघे दुमडायला सांगितलं आणि पोट चाचपलं. लिव्हर काही हाताला लागेना. पुन्हा चाचपलं. काका तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"काय सापडलं?" परीक्षकांनी विचारलं.

'तीन बोटं' अगदी जिभेवर आलं होतं. "सर, मला... काहीच लागलं नाही," ती कशीबशी म्हणाली. आता नापास, हे तिने मनाशी धरूनच टाकलं.

"लागेल कसं? सकाळचा पेशंट आम्ही जेवणाच्या सुट्टीत हलवला. यांचा नुसता हात मोडलाय. तरी दुपारपासून सगळ्यांना तीन बोटं लिव्हर सापडतंय!"

मृण्मयीच्या आधी काकांनीच सुटकेचा श्वास सोडला.

"वाचवलंत, डॉक्टरीणबाई! जो येतोय तो लिव्हर वाढवून जातोय. मी तर गावाहून भावाला बोलावून घेतलंय हो!"