बाबूजी, रविताले

पुन्हा टुंग करून आवाज झाला आणि स्क्रीनवर 'बाबूजी, रविताले' एवढंच उरलं. कंट्रोलर पुन्हा बंद पडला होता.

"पाह्यलं? याच जागी मरते," चुन्नीलाल म्हणाला. "पोरगा पाणी मांगते, चहा मांगते, तं चालते. माझ्याशी बोलाले बसला का बंद. या मशीनचं अन् माझं काय वैर आहे, बेटा?"

हेमेंद्र पुन्हा वायर तपासू लागला. तालुक्याच्या गावी, गोरेगावात, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि चुन्नीलालचा मुलगा धनेंद्र त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी चिखलणी करताना ट्रॅक्टर उलटला. धनेंद्रचं मानेखालचं अंग गेलं, आवाजही गेला. राहिला तो एक उजवा अंगठा. त्या अंगठ्याखाली हेमेंद्रनंच व्हिडिओ गेमचा यूएसबी कंट्रोलर बसवून दिला होता. अंगठा हलवायचा, स्क्रीनवरचं एकेक अक्षर निवडायचं. त्याला बोलायला तेवढीच वाट होती, आणि ती महिनाभर तुटत होती.

हेमेंद्रनं वायर बदलली. विंडोज नव्यानं टाकलं. दुकानातला दुसरा कॉम्प्युटर उचलून आणला, तरी तेच रडगाणं. आज तिसरी खेप. खाटेवरून दोस्त टक लावून बघत होता आणि हेमेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"रविताले काय, बाबू?" चुन्नीलाल लेकाच्या गालावरून हात फिरवत होता. "तुह्या बायकोले काही कमी पडते का? बाजारातून लुगडं तं आणून देलं. आणखी काय पाह्यजे, कसं समजू मी?" म्हाताऱ्याला रडू फुटलं.

पंपामुळे व्होल्टेज पडत असेल, ही शेवटची शंका. "काकाजी, धानाचा पंप बंद करून या," हेमेंद्र म्हणाला. चुन्नीलाल वावराकडे निघाला. "लिही, धन्या," म्हणत हेमेंद्र टॉर्च घेऊन खाटेच्या डोक्यामागे, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली शिरला. स्क्रीन तेवढा पायथ्याशी होता, स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसायचा.

वर बटणांची टिकटिक सुरू झाली. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या पडद्यामागून हिरव्या बांगड्यांचा एक हात आला. चाचपडला नाही, थेट कंट्रोलरच्या यूएसबी पिनेवर गेला. पिन हळूच ओढून घेतली आणि हात परत गेला.

हेमेंद्र गारच पडला. त्यानं पिन परत खोचली आणि मुठीत घट्ट धरून ठेवली. टिकटिक पुढे चालली. थांबली तेव्हा तो बाहेर आला. वाक्य पुरं झालं होतं.

'बाबूजी, रविताले माहेरी पाठवा. जवान आहे. तिचा पाट लावून द्या.'

धनेंद्रच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. त्यांच्या जातीत नवरा असतानाही बाईचा पाट लागतो, दुसरं लग्न होऊन नवं घर मिळतं, त्यात नवल नाही. आणि अशा लेकाचा शब्द चुन्नीलाल खाली पडू देणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अंगणात चपला वाजल्या. "सापडला का बिघाड?" चुन्नीलालनं बाहेरूनच विचारलं.

रविता पडदा सारून पुढे आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. कीबोर्डवरून वाक्य 'रविताले'पर्यंत पुसलं, खाली वाकून पिन काढली आणि हेमेंद्रला हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, बाकी सारं बोलू देतो मी त्यायले. एवढंच बोलू देत नाही."