शांत खोलीतले उंदीर

बाईंनी टाळी वाजवली. पिंजऱ्यातल्या एकाही उंदराचा कान हलला नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, तळहात लाल होतील इतक्या जोरात. उंदीर आपल्या मिशा साफ करत बसले.

"बघा," त्या संचालकांना म्हणाल्या. "यांना आम्ही मोठा आवाज कधी ऐकवलाच नाही. तरी ठार बहिरे! हे काम यांचं." आणि त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवलं.

तो माणूस त्याच प्रयोगशाळेत मोजणी करायचा. कर्कश आवाजानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि मेल्या की पुन्हा येत नाहीत. किती उरल्या, ते तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. शेजारच्या खोलीतल्या उंदरांवर कर्ण्यातून आवाजाचा मारा व्हायचा. या खोलीतले तुलनेसाठी शांततेत ठेवले होते. आता त्याचा अहवाल म्हणत होता, की पेशी दोन्हीकडे मेल्यात. बाईंची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, आणि त्याचं मूळ प्रयोगशाळेत नव्हतं. तो त्यांच्या ताईचा नवरा. म्हणजे, होता. तेव्हा त्या त्याला 'भाऊजी' म्हणत आणि तो त्यांना अगंतुगं करायचा. मग बाईंना त्याच्याबद्दल संशय आला. तो त्यांनी ताईच्या कानावर घातला. पुरावा मिळेना, तरी घालतच राहिल्या. शेवटी ताईला सामानसुमानासकट आपल्या घरी आणलं, तिचा फोन नंबर बदलला, दाराला नवं कुलूप लावलं. ताई आता मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. हाक मारली तरी लवकर ओ देत नाही. बाई म्हणतात, सुटली बिचारी.

"मी या खोलीत पाऊलही टाकलेलं नाही," तो म्हणाला.

"माझ्या विद्यार्थिनीनं तुम्हाला दाराबाहेर घुटमळताना पाहिलंय."

"पाहणारच! विद्यार्थिनी कुणाची? उंदराला मांजर साक्ष."

संचालकांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. हसण्याची वेळ नव्हती. आरोप खरा ठरला तर या माणसाची नोकरी आजच जाणार होती, आणि असा बट्टा लागलेल्याला दुसरीकडे कोणी उभं करत नाही.

"पण बाई, तुमची ती पेटी काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

दारावरची पांढरी पेटी बाईंनी स्वतः स्टुलावर चढून बसवली होती, ती केवळ या माणसासाठी. खोलीत कोणी शिरलं की त्यांच्या फोनवर सूचना यायची. दुकानात तऱ्हेतऱ्हेच्या पेट्या होत्या. उंदरांना त्रास नको म्हणून त्यांनी मुद्दाम खोक्यावर 'बिनआवाजी' लिहिलेली निवडली होती.

"माझ्याशिवाय कोणी आत आलेलं नाही. उंदरांना खायलाही मीच घालते," बाई म्हणाल्या. "म्हणजे यांनी आधीच काहीतरी लपवून ठेवलंय. माणसाला ऐकू येत नाही असा वरचा आवाज उंदराला ऐकू येतो, हे यांना पक्कं ठाऊक आहे. थांबा, आत्ता शोधून काढते."

तसले आवाज टिपणारा मापक त्यांनी आणला. खोली नवी होती तेव्हा याच मापकानं त्यांनी ती तपासली होती आणि काटा ढिम्म हलला नव्हता. आज सुरू करताच तो ताडकन उडाला.

"सापडलात!" बाईंचा चेहरा फुलला. मापक पुढे धरून त्या चोर शोधू लागल्या. फडताळाखाली काटा उतरला. मागच्या कोपऱ्यात आणखी उतरला. उंदीर नेहमी पिंजऱ्याच्या त्याच बाजूला एकमेकांवर रचल्यासारखे बसायचे. थंडी वाजत असेल म्हणून बाईंनी त्यांना जास्तीचा कापूसही घातला होता. त्या दाराकडे वळल्या तसा काटा चढू लागला. दारात तो उभा होता.

"खिसे दाखवा."

त्यानं खिसे उलटे केले. एक रुमाल आणि घराची किल्ली निघाली.

"बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. काटा चढतच राहिला. बाईंनी हात वर नेला, आणखी वर नेला, आणि पांढऱ्या पेटीसमोर काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळला. त्यांनी पेटीची वायर उपटली. काटा शून्यावर पडला.

ही पेटी कुणी बसवली, हे संचालकांनी विचारलं नाही. पेटी बिनआवाजी होती, पण फक्त माणसांसाठी. ती दिवसरात्र खोलीभर किंचाळायची आणि परत येणाऱ्या आवाजावरून कोणी शिरलंय का ते ओळखायची. बाई वायर हातात धरून पिंजऱ्याकडे बघत राहिल्या. उंदीर अजून त्याच कोपऱ्यात होते.

"मी... मी तर यांना जपत होते," त्या म्हणाल्या.

तो जायला निघाला होता. तो थांबला.

"तुझ्या ताईलाही तू असंच जपलंस."