प्रवेशाची अट

बहात्तरच्या दुष्काळात बेंबळीच्या अयोध्यानं पुण्याला आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या बीएला अर्ज केला. कॉलेजची अट आली: परदेशात राहिलेल्या माणसाची मुलाखत लिहून आणा, न्हायतर प्रवेश न्हाय. तिनं सारं गाव पालथं घातलं, पण सोलापूर-बार्शीच्या पल्याड कुणी गेलेलंच नव्हतं.

तणतणत ती दुष्काळी कामावर आईकडं आली. खडी फोडता फोडता चांगुणा म्हणाली, "माझी घे की."

"तुझी? बार्शीचं म्हायेर अन् बेंबळीचं सासर, तू कवा गं गेलीस परदेशात?"

"लग्नात. तवा बार्शी इंग्रजाची, बेंबळी निजामाची. हद्दीवरच्या नाक्यावर शिपायांनी माझ्या रुखवताची पेटी उचकटली," चांगुणानं पुढचा दगड ओढला.

"तवापासनं परदेशातच नांदतीया."