पाहुण्यांची कॉफी

शेख नायेलांनी कॉफीचा कप घेतला आणि न पिता समोर ठेवून दिला. मागे बसलेल्या त्यांच्या गोतातल्या पुरुषांनीही हात आवरले.

"अबू आयेद, तुमची लेक शुरूक आमच्या घरात द्या. शब्द मिळेपर्यंत आम्ही घोटसुद्धा घेणार नाही."

जॉर्डनमधल्या करक गावच्या त्या बैठकीत आता मुलीच्या बापानंच बोलायचं होतं. 'घ्या, कॉफी घ्या.' एवढंच. बायकोनं सकाळपासून घोकून घेतलं होतं. वाक्य पाठ होतं. मुलगा पसंत होता.

अबू आयेद कपाकडे बघत राहिले. कंपवातानं थरथरणारे हात सगळ्यांना दिसत होते. पण त्याच दुखण्यानं आतून ढकलणारा कुणी उरू दिला नव्हता, ते कुणाला दाखवणार? शब्द उंबऱ्यापाशी येऊन बसले होते. उठायचं नावच घेत नव्हते.

धाकट्या भावानं, फव्वाझनं, कोपरानं ढोसलं. "बोला की दादा! किती ताटकळवाल माणसांना?"

शेख नायेलांच्या कपाळाला आठी पडली. "आमचं काही चुकलं का?"

"नाही."

"मुलगा आवडला नाही?"

"आवडला. गुणी आहे."

"मग मुलीच्या मनात नसेल."

"आहे."

"मग घोडं अडलंय कुठं?"

अबू आयेद आतल्या आत ओरडले. तोंड मिटलेलंच राहिलं.

"भाव खातोय म्हातारा," मागून कुणीतरी पुटपुटलं. शेख नायेलांनी उठण्यासाठी गुडघ्यावर हात टेकला. कॉफी न पिता उठले की सोयरीक मोडली. आणि मग या दारात मागणी घेऊन कोण येतंय?

तेवढ्यात पडदा सारून शुरूकच आत आली. पुरुषांच्या बैठकीत, तेही स्वतःच्याच मागणीला!

"आत हो आधी!" फव्वाझ खेकसला.

ती वडिलांसमोर टेकली. शर्ट घालायचा का, जेवायचं का, असं ती रोज विचारायची, तेव्हाच ते हलायचे. त्याच सुरात तिनं विचारलं, "बाबा, पाहुण्यांनी कॉफी प्यायची ना?"

"प्यायची," अबू आयेद लगेच म्हणाले.

एकदम हशा उसळला. "मुबारक! मुबारक!" कप उचलले गेले, आतून बायकांच्या ललकाऱ्या उठल्या, शुरूकला कुणीतरी ओढून आत नेलं. फव्वाझ पाहुण्यांच्या गळ्यात पडत सुटला.

अबू आयेदांपुढचा कप भरलेलाच होता. घसा कोरडा पडला होता. कपाकडे बघत, कुणी विचारतंय का, याची ते वाट पाहत बसले.