निळी टोपी, नितळ टोपी

"बारा," दुर्रा म्हणाली. "अजून तीन सेकंद."

नर्स मोंजियाने मान वर न करता स्पिरिटचा बोळा चोळणं चालू ठेवलं. "अहो लल्ला दुर्रा, तुम्ही कॉलेजात शिकवायचात की पोलिसात होतात?"

खाटेवर दुर्राची आठ वर्षांची लेक शिराज खुदकन हसली. तिच्या छातीतून निघालेल्या नळीच्या टोकाला निळी टोपी होती. सुईशिवाय औषध आत जायचं ते तिच्यातूनच. टोपीवर जंतू राहिले, तर तेही थेट रक्तात जाणार.

शेजारची खाट रिकामी होती. गुरुवारपर्यंत तिथे हमादी होता, छातीत अशीच नळी, अशीच निळी टोपी. आधी हुडहुडी भरली, मग ताप, आणि दोन दिवसांत संपलं. त्याची आई मोनास्तिरच्या शिलाई कारखान्यात. "माझ्या लेकाकडेही बघ गं," असं सांगून ती कामावर जायची. दुर्राने बघितलं होतं. शिराजचं जे जे केलं, ते ते त्याचंही.

गादी गुंडाळून ठेवली होती, तरी तिथून नारिंगाच्या फुलांचा वास यायचा. दुर्रा तिकडे पाठ करून बसायची.

मुख्य नर्स रफीका आल्या. तळहातावर नवी टोपी, काचेसारखी नितळ. "हिच्यात रक्त अडकलं तर बाहेरून दिसतं. वरून सपाट आहे, घाण साचायला खाच नाही. तुमची वही बघू."

दुर्राच्या वहीत दोन्ही खाटांची प्रत्येक वेळ लिहिलेली होती. कोणत्या नर्सने किती सेकंद चोळलं.

"पंधराच्या खाली एकदाही नाही," रफीका म्हणाल्या. "म्हणजे माझ्या मुलींचे हात चोख आहेत. दोष टोपीचाच."

"समोरच्या रांगेत सगळ्यांना निळीच आहे," मोंजिया पुटपुटली. "तिथं कुणाला काही झालं नाही."

"तुला कुणी विचारलं?"

"बदला," दुर्रा म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर."

मोंजियाने हातमोजे घातले, टोपी बदलली, पुन्हा स्पिरिटने चोळली. ओठ हलवत तिने 'कुल हुवल्लाह' ही कुराणातली छोटी सूरा तीनदा म्हटली. सेकंद मोजायचं तिचं घड्याळ तेच. दुर्राने तरी मोजलं. सोळा.

दोघी गेल्या. कितीतरी दिवसांनी दुर्राला मोकळा श्वास घेता आला.

शिराजने नाक मुरडलं. "उम्मी, स्पिरिटचा वास. मळमळतंय."

"हो गं राणी, झालंच."

तिने कपाटातून बाटली काढली. नाबेल गावच्या आजीने घरीच काढलेलं नारिंगाच्या फुलांचं पाणी, तळाशी थोडा गाळ. दोन थेंब कपाळावर, दोन उशीवर. मग त्याच पाण्यात कापूस भिजवून तिने नवी टोपीही रोजच्यासारखीच हलक्या हाताने पुसली, चहूबाजूंनी, मनात पंधरापर्यंत मोजत, स्पिरिटचा वास पार जाईपर्यंत.

हमादीलाही हा वास फार आवडायचा.