मुंगीचा कौल

यांपोको म्हातारी अंगणातून मुंगी घेऊन आत आली. चांगली जाडजूड काळी मुंगी, चिमटीत वळवळत होती. सुनेच्या पहिल्या दुधाच्या थेंबात ती सोडायची. बाहेर निघाली तर दूध चांगलं, मेली तर कडू. मग चांगलं दूध येईपर्यंत बाळाला नुसता झाडपाल्याचा काढा. गावात घरोघरी हेच चालायचं.

सुईण तालातो वार पडायची वाट बघत होती. हात मोकळे नव्हते, म्हणून तिनं पोर पुसून तसंच आईच्या उघड्या पोटावर ठेवलं होतं.

"कुइल्गा, या वाटीत थेंब पिळ," भोपळ्याची वाटी पुढे करत यांपोको म्हणाली.

सून हलली नाही. "गेल्या खेपेला मुंगी मेली, आई. मग काढा पिऊन पिऊन माझी लेकही गेली. आता पुन्हा नाही."

"जीभ फार चालते गं तुझी! विष पाजायचंय का पोराला? माझा लेक तिकडे आबिजानला कोकोच्या मळ्यात राबतोय. त्याला काय तोंड दाखवू?"

म्हातारीनं स्वतःच थेंब पिळला. पिवळा, दाट थेंब. त्यात मुंगी सोडली. बिचारीचे पाय तिथंच रुतले. कुइल्गानं डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! इकडे बघा," तालातो कुजबुजली.

पोटावरचं पोर हललं होतं. पाय रेटून ते जरासं वर सरकलं, थांबलं, दमलं. स्वतःची मूठ चाटली आणि पुन्हा सरकलं. डोळे धड उघडत नव्हते, मान ठरत नव्हती, तरी निघालं होतं आपलं. तालातोनं उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस त्याला!" यांपोको ओरडली, आणि आपल्याच आवाजानं दचकली.

नऊ बाळंतपणं झाली होती तिची. प्रत्येक पोर जन्मताच गुंडाळून बाजूला नेलेलं. असलं काही तिनं बापजन्मात पाहिलं नव्हतं.

छातीशी पोचल्यावर पोराचं डोकं एकदा इकडे कलंडलं, एकदा तिकडे. मग त्यानं एवढा मोठा आ केला, आणि लुचायलाच लागलं.

म्हातारी पोराजवळ वाकली. डोळ्यांना धार लागली होती. "कुणी शिकवलं गं याला? आत्ता तर आलाय!"

खोलीत फक्त लुचण्याचा आवाज होता.

"आई," कुइल्गानं भीत भीत विचारलं, "मुंगीचं काय झालं?"

यांपोकोनं वाटीत पाहिलं. मुंगी निपचित पडली होती.

तिनं बोटानं तो थेंब पुसून घेतला आणि मुंगीसकट तोंडात घातला.

"गोड आहे," ती म्हणाली. "पिऊ दे त्याला."